वाचक विचारतात : छोट्या निर्मिती संस्था इतके वेगवेगळे काम का करतात?

स्वतंत्र चित्रपट निर्मिती संस्थांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मोठ्या स्टुडिओच्या किंवा वाहिनीच्या मालकीची नसलेली आणि कायम पगारावर मोजकीच माणसे असलेली संस्था, असा ‘छोटी स्वतंत्र संस्था’ या शब्दांचा अर्थ येथे धरला आहे.

प्रश्न : एका छोट्या निर्मिती संस्थेच्या कामांची यादी नुकतीच पाहण्यात आली. पूर्ण लांबीचा एक कथापट, पाणथळ पक्ष्यांवरचा माहितीपट, कारखान्यातील सुरक्षिततेवरची प्रशिक्षणफीत, दोन-तीन म्युझिक व्हिडिओ, काही जाहिरातपट आणि मुलांसाठीची ॲनिमेशन मालिका असे सारे एकाखाली एक दिले होते. आपल्याला नेमके काय करायचे आहे हे या संस्थेला ठाऊक नसावे, असे वाटले. हा समज बरोबर आहे का?

उत्तर : यादी पाहून असा समज होणे स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा तो टिकत नाही. आधी कथापटाचाच हिशेब मांडून पाहावा. कल्पना सुचल्यापासून चित्रपट पडद्यावर येईपर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात आणि त्यांपैकी प्रत्यक्ष चित्रीकरणाला पाच-सहा आठवडेच लागतात. उरलेला काळ संहितेच्या पुनर्लेखनात, पैसा उभा करण्यात, नटांच्या तारखा जुळवण्यात, संकलनात आणि महोत्सवांच्या उत्तरांची वाट पाहण्यात जातो. या काळात कचेरीचे भाडे थांबत नाही, संकलकाचा पगार थांबत नाही, आणि कॅमेरा हप्त्यांवर घेतला असेल तर हप्तेही थांबत नाहीत. मोठ्या स्टुडिओचे अनेक चित्रपट एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, त्यामुळे एखादा रखडला तरी बाकीचे त्याला सांभाळून घेतात. छोट्या संस्थेचा एकच चित्रपट चाललेला असतो आणि तो रखडला की सारेच रखडते. ज्याचे पैसे दोन-तीन महिन्यांत हाती येतात असे काम तिला म्हणूनच लागते, आणि जाहिरातपट, प्रशिक्षणफिती, म्युझिक व्हिडिओ ही त्या जातीची कामे आहेत.

मात्र या कामांकडे केवळ पोटापाण्याचा उद्योग म्हणून पाहिले, तर अर्धीच गोष्ट कळते. कारखान्यातील सुरक्षिततेवरची फीत हेच उदाहरण घेऊ. झडप बंद करण्याची क्रिया दाखवताना हात, झडप आणि दाबमापकाचा काटा हे तिन्ही एकाच चौकटीत, मध्ये कट न घेता दाखवावे लागतात, कारण कट घेतला की मधली एखादी पायरी पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते आणि उद्या प्रत्यक्ष यंत्रापुढे उभा राहिल्यावर तीच पायरी तो गाळू शकतो. यंत्राचा आवाज निवेदनाखाली दबला तर धोक्याची चाहूल कशी लागते हे कळत नाही, आणि वर आला तर सूचना ऐकू येत नाही. अशा चार-पाच फिती केलेल्या छायाचित्रणकाराला कथापटात एक बाई थरथरत्या हाताने कुलूप उघडते आहे एवढाच प्रसंग चित्रित करायला सांगितला, तर कॅमेरा कोठे ठेवायचा हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

याची साक्ष चित्रपटाच्या इतिहासातही मिळते. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या मित्रांची ‘द लेटंट इमेज’ ही छोटी संस्था १९६० च्या दशकात जाहिरातपट आणि औद्योगिक चित्रफिती करत असे. मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी रोमेरो यांनी काही भाग चित्रित केले होते, त्यांत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेची भीती घालवणारा एक भाग होता. या कामांवर हात बसलेल्या मंडळींनीच १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल भयपट पुरा केला. पॅरिसमधील ‘आर्गोस फिल्म्स’चे उदाहरण याहून बोलके आहे. आनातोल दोमां यांनी सहकाऱ्यासह १९४९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या यादीत नाझी छळछावण्यांवरचा ३२ मिनिटांचा माहितीपट आहे आणि जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून सांगितलेली २८ मिनिटांची विज्ञानकथाही आहे. याच संस्थेने फ्रेंच दिग्दर्शक अलां रेने यांच्याकडे अणुबॉम्बवरील एका छोट्या माहितीपटाचे काम सोपवले होते. विषय माहितीपटाच्या चौकटीत मावेना, तेव्हा कादंबरीकार मार्गरीत द्युरास यांच्याकडून संहिता लिहून घेण्यात आली आणि त्यातून १९५९ चा ‘हिरोशिमा मोनामूर’ हा कथापट झाला. फक्त माहितीपट करणाऱ्या संस्थेला हे काम बहुधा परत करावे लागले असते.

तेव्हा यादी वाचताना कामांच्या प्रकारांपेक्षा श्रेयनामावलीतल्या नावांकडे अधिक लक्ष द्यावे. पक्ष्यांवरच्या माहितीपटाचा ध्वनिमुद्रक कथापटातही असेल, जाहिरातपटाची संकलक मुलांच्या मालिकेतही दिसत असेल, तर त्या संस्थेला स्वतःचे वळण आहे असे समजावे. दर कामाला नवी माणसे दिसली, तर ती संस्था केवळ कंत्राटे घेऊन वाटून देत असण्याचा संभव असतो. आपली शंका आणखी एका परिस्थितीत खरी ठरते. गेल्या पाच-सात वर्षांतली सारीच कामे दुसऱ्यांसाठी केलेली असतील आणि शेवटचे स्वतःचे काम त्याआधीचे असेल, तर ग्राहकांच्या कामाने घरचे काम गिळले आहे हे उघड आहे. अशी संस्था वाईट ठरत नाही. ती सेवा देणारी संस्था झालेली असते, आणि पुष्कळदा तिच्या चालकांच्याही ते उशिरा ध्यानात येते.

प्रश्न : एखाद्या कंपनीने पैसे देऊन करवून घेतलेल्या फितीला ‘चित्रपट’ म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का? पैसे देणाऱ्याच्या मर्जीबाहेर त्यात काय असू शकते?

उत्तर : माहितीपटाच्या इतिहासातून ही कामे वगळायची ठरवली, तर त्याचा आरंभच वगळावा लागेल. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’चा खर्च रेव्हियों फ्रेअर या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीने केला होता. त्या चित्रपटावरचा मोठा आक्षेप, म्हणजे त्यातली कित्येक दृश्ये रचून घेतलेली आहेत हा, फ्लाहर्टी यांच्या स्वतःच्या निर्णयांवर आहे. व्यापाऱ्याने तशी मागणी केली म्हणून नव्हे. टपाल घेऊन धावणाऱ्या आगगाडीवरचा १९३६ चा ‘नाइट मेल’ ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने काढला आणि त्यासाठी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी कविता लिहिली, तर बेंजामिन ब्रिटन यांनी संगीत दिले. अलां रेने यांनी १९५८ मध्ये पेशिने या उद्योगसमूहासाठी प्लास्टिक कसे तयार होते यावर रंगीत लघुपट केला. त्याचे निवेदन कवी रेमों केनो यांनी चक्क फ्रेंच अभिजात वृत्तात बांधले होते. कारखान्याच्या संचालक मंडळापुढे ते पहिल्यांदा वाचून दाखवताना काय वातावरण असेल, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे.

मर्जीचा प्रश्न अर्थातच खरा आहे, पण तो पैसे कोणी दिले यावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक मंजुरी किती जणांनी द्यायची आहे यावर अवलंबून असतो. एका जबाबदार व्यक्तीची संमती पुरेशी असेल, तर दिग्दर्शकाला युक्तिवाद करता येतो आणि एखादा धाडसी प्रसंग वाचवता येतो. विभागप्रमुखांची समिती असली की प्रत्येक जण आपल्या विभागाचे एकेक वाक्य निवेदनात घालतो आणि शेवटी तासाभराचा कंटाळा बारा मिनिटांत कोंबला जातो. जाणत्या संस्था करार करतानाच मंजुरी देणारी एक व्यक्ती आणि दुरुस्त्यांच्या दोन किंवा तीन फेऱ्या लेखी ठरवून घेतात, त्यापुढच्या फेरीला वेगळे पैसे आकारतात. कलेचे रक्षण या कलमाने जेवढे होते, तेवढे कोणत्याही जाहीरनाम्याने होत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही तिघांनी मिळून निर्मिती संस्था काढली आहे. एका ग्राहक संस्थेसाठी आम्ही माहितीपट करून दिला. आता ती न वापरलेले सर्व फुटेजही मागते आहे. करारात त्याचा उल्लेख नाही. ते द्यावे का? आणि एरवी अशा कामांचे हक्क कोणाकडे असतात?

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. लेखी काहीही न ठरवता हार्ड डिस्क हाती देऊ नका. करार गप्प असतो तेव्हा देशाचा कायदा बोलतो, आणि तो सगळीकडे सारखा नाही. काही देशांत मोबदला देऊन चित्रपट करवून घेणारा हाच प्रथम मालक धरला जातो, तर काही ठिकाणी तो करणाऱ्याचा हक्क मूळ मानतात. त्यामुळे आपल्या देशातील जाणकार वकिलाचा सल्ला एकदा घ्यावाच. दरम्यान ग्राहकाशी भांडण न करता बोलणी करता येतील. त्यांना सारेच फुटेज हवे असते असे क्वचितच घडते. बहुधा पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी अध्यक्षांची पूर्ण मुलाखत किंवा इमारतीची काही दृश्ये हवी असतात. तेवढे निवडून, योग्य शुल्क घेऊन, कोणत्या कामासाठी वापरायचे हे लिहून देता येईल.

पुढच्या करारांसाठी मात्र एक गोष्ट मनात पक्की करावी. ‘चित्रपटाचे हक्क’ अशी एक वस्तू नसते. पूर्ण झालेला चित्रपट वेगळा, कच्चे फुटेज वेगळे, संकलनाच्या संगणकावरील प्रकल्पाच्या फायली वेगळ्या, संगीत वेगळे आणि पडद्यावर दिसणाऱ्या माणसांची संमती वेगळी. ग्राहकाच्या करारात ‘सर्व साहित्य ग्राहकाच्या मालकीचे राहील’ असे एकच वाक्य असते, आणि घाईत सही करणारी संस्था या एका वाक्याने पाचही गोष्टी देऊन टाकते. पूर्ण चित्रपट ठरलेल्या कामासाठी अनन्य हक्काने वापरण्याचा परवाना द्यावा, कच्चे फुटेज आपल्याकडे ठेवावे आणि ग्राहकाची गोपनीय माहिती असलेला भाग इतरत्र वापरणार नाही असे वचन लिहून द्यावे, हा मधला मार्ग पुष्कळांना मान्य होतो. ग्राहक अडूनच बसला, तर कच्च्या फुटेजची किंमत वेगळी लावावी आणि निदान नमुना म्हणून काम दाखवण्याचा हक्क तरी राखावा.

संगीत आणि संमती या दोहोंत छोट्या संस्था सर्वाधिक फसतात. तयार संगीतसंग्रहातून घेतलेल्या तुकड्याचा परवाना केवळ इंटरनेटपुरता असू शकतो. तोच माहितीपट पुढे चित्रपटगृहात किंवा वाहिनीवर गेला की तो अपुरा पडतो, आणि चित्रपट तयार झाल्यावर संगीत बदलणे म्हणजे त्या तालावर बेतलेले संकलन पुन्हा करणे. प्रशिक्षणफितीत काम करताना दिसणाऱ्या कामगाराने प्रशिक्षणासाठी संमती दिलेली असते. त्याचाच चेहरा पुढे श्रमिकांवरच्या माहितीपटात घ्यायचा असेल तर पुन्हा विचारायला हवे. वितरक किंवा ओटीटी मंच चित्रपट घेण्यापूर्वी हक्कांची सारी साखळी तपासतो : मूळ कथेचा करार, पटकथाकाराने दिलेले हस्तांतर, दिग्दर्शकाचा करार, संगीताचे परवाने, संमतीपत्रे. यांतला एक कागद नसला तर व्यवहार थांबतो. तो पाच वर्षांनी मिळवायचा झाल्यास त्या माणसाचा पत्ता शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे वर उल्लेखिलेल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’वरून कळते. त्या चित्रपटाचे आधीचे नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ असे होते. वितरकाने नाव बदलले, नव्या नावाची पाटी जोडली, आणि जुन्या पाटीवर असलेली स्वामित्वहक्काची सूचना नव्या पाटीवर घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार प्रकाशित प्रतींवर ती सूचना असणे बंधनकारक होते. ती नसल्यामुळे चित्रपट सार्वजनिक मालकीचा ठरला, कोणीही त्याच्या प्रती काढून विकू लागला, आणि भयपटांच्या एका संपूर्ण प्रकाराला जन्म देणाऱ्या या चित्रपटाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तो करणाऱ्यांच्या हाती आलाच नाही. अमेरिका १९८९ मध्ये स्वामित्वहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील झाली आणि आता सूचना नसली तरी हक्क जात नाही. पण निर्मात्याने बेतलेल्या गोष्टीत वितरकाने बदल केला तर तो तपासून पाहण्याची गरज काही संपलेली नाही.

आपण तिघे आहात म्हणून एक जादा सूचना. तिघांपैकी एकाने आणलेली कल्पना संस्थेची की त्याची, आणि तो उद्या बाहेर पडला तर अर्धवट राहिलेल्या पटकथेचे काय, हे आजच लिहून ठेवा. मैत्री घट्ट असते तेव्हाच असा कागद सहज होतो.

प्रश्न : लघुपटातून पैसे मिळतात का?

उत्तर : थेट फारसे मिळत नाहीत. ऑस्करच्या नियमांप्रमाणे श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो, पण चित्रपटगृहात एवढ्या लांबीच्या कामाला स्वतःचा खेळ मिळत नाही आणि वाहिन्या तो मधली जागा भरण्यासाठी घेतात. फायदा आडवळणाने होतो, आणि त्याला दिवस लागतात. इंग्लंडमधील ‘आर्डमन’ या ॲनिमेशन संस्थेचा प्रवास यासाठी पाहण्याजोगा आहे. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन यांनी १९७२ मध्ये तिची सुरुवात केली, तेव्हा कर्णबधिर मुलांसाठीच्या बीबीसीच्या एका कार्यक्रमात त्यांचे काम लागले. पुढे मातीच्या बाहुल्यांचे छोटे भाग झाले, १९८६ मध्ये गायक पीटर गॅब्रिएलच्या एका गाजलेल्या म्युझिक व्हिडिओच्या ॲनिमेशनमध्ये ती सहभागी झाली. १९८९ मध्ये निक पार्क यांनी तेथे केलेल्या ‘क्रीचर कम्फर्ट्स’ या लघुपटात सामान्य लोकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातल्या होत्या. त्याला ऑस्कर मिळाले, आणि त्याच धाटणीच्या विजेवरील घरगुती उष्णतायंत्रांच्या जाहिरातीही या संस्थेकडून करवून घेण्यात आल्या. येथे लघुपटाने जाहिरात आणली, हे ध्यानात घ्यावे. संस्थेचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट २००० मध्ये आला, म्हणजे आरंभापासून २८ वर्षांनी.

प्रश्न : आमचा माहितीपट महोत्सवातील पडद्यावर उत्तम दिसला आणि ऐकू आला. वाहिनीने मात्र तो ध्वनीच्या कारणावरून परत पाठवला, आणि मोबाइलवर तर निवेदनच नीट ऐकू येत नाही. दोष कोणाचा समजायचा?

उत्तर : बहुधा कोणाचाच नाही. आपण एक माहितीपट केला, पण त्याची पूर्णरूपे तीन असायला हवी होती. चित्रपटगृहात ध्वनियंत्रणेची पातळी ठरावीक मापाला जुळवलेली असते, खोली शांत असते आणि प्रेक्षक बांधलेला असतो. म्हणून तेथे कुजबुज आणि स्फोट यांच्यात मोठे अंतर ठेवता येते. घरात पंखा चालू असतो. वाहिन्यांना सगळे कार्यक्रम सारख्या मोठेपणाने ऐकू यावेत असे वाटते, त्यासाठी त्यांनी मापे ठरवलेली आहेत. युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ या शिफारशीनुसार संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) इतकी असावी लागते, आणि इतरत्रही याच्या जवळपासची मापे आहेत. चित्रपटगृहासाठी केलेले मिश्रण जसेच्या तसे पाठवले की ते या मापात बसत नाही. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे खर्जातल्या आवाजाचे निवेदन पार्श्वसंगीतात बुडते.

चित्राचेही असेच आहे. चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत प्रामुख्याने सेकंदाला २४ चौकटींची असते, तर जगाच्या मोठ्या भागात दूरचित्रवाणी २५ चौकटींवर चालते. २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने चालवला की १०० मिनिटांचे ९६ होतात आणि दुरुस्ती न केल्यास सर्वांचे आवाज किंचित चढतात. रंगांचा विस्तारही वेगळा असतो. अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पडद्यासाठी जुळवलेली संध्याकाळ दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणी संचावर निव्वळ काळोख वाटू शकते. सेकंदाला किती चौकटी हा निर्णय म्हणूनच चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी घ्यावा. संवाद, संगीत आणि परिणामध्वनी यांचे मिश्रण वेगवेगळे जपून ठेवावे, अक्षरे नसलेली चित्राची प्रतही राखावी. एवढे केले की वाहिनीसाठी नवे मिश्रण करायला आठवडा पुरतो, आणि भाषांतरित आवृत्ती हवी असल्यास संवाद तेवढे बदलता येतात.

येथे मिश्र कामाचा एक अनपेक्षित लाभ दिसतो. जाहिरातपट करणाऱ्या संस्थेला एकच जाहिरात तीस, वीस आणि दहा सेकंदांत, आडव्या, चौकोनी आणि उभ्या चौकटीत, चार-पाच भाषांत द्यावी लागते. तेव्हा ध्वनीचे थर वेगळे ठेवणे तिच्या अंगवळणी पडलेले असते. फक्त माहितीपट करणारी मंडळी, मने कितीही मोठी असली तरी, सगळे आवाज एका फायलीत ओतून मोकळी होतात.

प्रश्न : छोट्या संस्था प्रत्येक कथापटासाठी वेगळी कंपनी नोंदवतात असे वाचले. ही करचुकवेगिरी समजावी का?

उत्तर : क्वचित असेलही, पण मूळ कारण धोका वेगळा ठेवणे हे आहे. कथापटात बाहेरच्यांचा पैसा येतो आणि त्यांना त्याच चित्रपटाच्या उत्पन्नात वाटा हवा असतो, संस्थेच्या जाहिरातपटांत नव्हे. वेगळी कंपनी असली की त्या चित्रपटाचे करार, विमा, बँक खाते आणि हक्क एका जागी राहतात. चित्रपट आपटला तर ज्यांचे देणे आहे ते प्रशिक्षणफितींच्या मिळकतीवर हात टाकू शकत नाहीत, निदान मूळ संस्थेने हमी दिलेली नसेल तर. उलट बाजूने, जाहिरातीच्या ग्राहकाशी वाद झाला तर त्याची झळ कथापटाच्या हक्कांना लागत नाही.

कागदावर हे छान दिसते. व्यवहारात पैसा या खात्यातून त्या खात्यात सरकतो. जाहिरातपटाचा दुसरा हप्ता आलेला असतो आणि कथापटाच्या ध्वनिमिश्रणाचे बिल समोर असते. तो हप्ता ‘आठ दिवसांसाठी’ तिकडे वळवला जातो, मग जाहिरातपटाच्या प्रकाशयोजनेचे सामान भाड्याने आणायला पैसे उरत नाहीत. छोट्या संस्था वाईट चित्रपटांपेक्षा अशा उसनवारीने अधिक बुडतात. ग्राहकाच्या कामात निम्मी रक्कम चित्रीकरणाआधी आणि शेवटचा हप्ता अंतिम प्रत देण्याआधी घेण्याची पद्धत घातली, तर या खेचाखेचीला पुष्कळ आळा बसतो.

प्रश्न : जुने फुटेज किती काळ सांभाळावे? आमच्या कपाटात हार्ड डिस्कचा ढीग झाला आहे.

उत्तर : ढीग होणारच. संकलनासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या उच्च दर्जाच्या एका स्वरूपात, फोरके आकारात आणि सेकंदाला २५ चौकटींनी केलेले तासाभराचे चित्रीकरण सुमारे ३३० गीगाबाइट जागा घेते. माहितीपटात पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक तासामागे कित्येक पट चित्रीकरण झालेले असते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या इमारतीत, हा संगणकक्षेत्रातला नियम येथेही चालतो. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली हार्ड डिस्क सुरू होईलच याची खात्री नसते, म्हणून दीर्घकाळासाठी एलटीओ चुंबकीय फीत वापरतात. तिचे आयुष्य तीस वर्षांपर्यंत धरले जाते, पण ती वाचणारे यंत्र आधी नाहीसे होते : आठव्या पिढीचे यंत्र सातव्या पिढीची फीत वाचते, सहावीची वाचत नाही. दर काही वर्षांनी सारे नव्या फितीवर उतरवण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरायला हवा.

सगळे सांभाळणे परवडत नसेल, तर निवड करावी. पुन्हा चित्रित करता येणार नाही ते आधी ठेवावे : वृद्धांच्या मुलाखती, पाडल्या गेलेल्या इमारती, बंद पडलेले यंत्र, स्थलांतर करून येणारे पक्षी. जाहिरातपटात पेयाचा एक घोट घेण्याच्या तीस टेकपैकी एकोणतीस पुसले तरी कोणाचे काही बिघडत नाही. फायलींच्या नावांत तारीख, ठिकाण आणि व्यक्ती असावी, नुसते ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम खरे’ असे नसावे. नाव न दिलेले फुटेज सुरक्षित असूनही सापडत नाही.

प्रश्न : महोत्सवाला अर्ज करताना संस्थेच्या माहितीत प्रशिक्षणफिती आणि जाहिरातपट द्यावेत की फक्त स्वतःचे चित्रपट?

उत्तर : दोन्ही द्यावेत, पण वेगळ्या मथळ्यांखाली : ‘स्वनिर्मिती’ आणि ‘इतरांसाठी केलेली कामे’. पहिल्यात वर्ष, लांबी, दिग्दर्शक आणि हक्क कोणाकडे आहेत हे लिहावे. दुसऱ्यात ग्राहकाच्या परवानगीने त्याचे नाव आणि संस्थेने नेमके कोणते काम केले ते, म्हणजे संपूर्ण निर्मिती, फक्त चित्रीकरण की फक्त संकलन. दुसऱ्या यादीतली पाच-सहा कामेच निवडावीत. सहनिर्मितीसाठी भागीदार शोधणारा निर्माता बहुधा ती यादी आधी वाचतो, कारण ठरल्या तारखेला आणि ठरल्या खर्चात ही माणसे काम पुरे करतात की नाही, हे त्याला तिच्यातूनच कळणार असते.